राग कुठून आला? लहान मुलांच्या भावनिक शिक्षणाचा आढावा

बालवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं, फळं आणि प्राणी यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत आणखी एक तक्ता आला आहे. त्यावर पाच-सहा गोल चेहरे असतात आणि खाली त्यांची नावं: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य. सकाळी आल्या आल्या मुलानं आज आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि मग जागेवर जाऊन बसायचं. बहुतेक मुलं आनंदावर बोट ठेवतात. एखादं रोज रागावर ठेवतं, कारण त्याला लाल रंग आवडतो.

हा तक्ता आता हौसेपुरता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापाठोपाठ ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या आराखड्यात स्वतःच्या भावना समजणं आणि त्या सांभाळता येणं हे अभ्यासक्रमाचं एक ध्येय म्हणून नोंदवलं आहे. आजवर आई, आजी, मावशी आणि शेजारपाजार यांच्याकडे आपसूक असलेलं काम त्यामुळे अंगणवाडीताईंच्या आणि बालवाडीच्या बाईंच्या वेळापत्रकात येऊन पडलं. भावना कळणं हे वाढीबरोबर आपोआप येतं की शिकवावं लागतं? शिकवायचं तर कोणी आणि कसं? आणि ते कळल्यानं मुलाच्या वागण्यात नेमका काय फरक पडतो? या तीन प्रश्नांवर गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच काम झालं आहे, मतभेदही भरपूर आहेत. त्या सगळ्याचा हा धांडोळा. स्वमग्नता किंवा इतर विशेष गरजा असलेल्या मुलांचा विचार यात केलेला नाही. तो विषय वेगळा आहे आणि त्याला स्वतंत्र जागा हवी.

दोन जुने प्रवाह

शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात साधारणपणे चार्ल्स डार्विनपासून धरतात. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावरचं त्याचं पुस्तक १८७२ मध्ये आलं. त्यानंतर पाच वर्षांनी त्यानं आपल्या पहिल्या मुलाच्या तान्हेपणी करून ठेवलेली टिपणं ‘माइंड’ या नियतकालिकात छापली. बाळाला राग पहिल्यांदा कधी आला, भीती कधी वाटली, माया कधी दिसली, याच्या त्या नोंदी होत्या. बाळाकडे निरीक्षणाचा विषय म्हणून पाहण्याची ती पद्धत पुढे रुळली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात सल्ल्याची भर पडली. अमेरिकेत हाइम गिनॉट यांचं पालकांसाठीचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. मुलाच्या भावनेला नकार देऊ नका, वागण्याला मात्र मर्यादा घाला, हे त्यांचं सूत्र आजच्या बहुतेक पालकपुस्तकांत कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतं. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं ती घरोघरी पोहोचवली. शाळांनी हे शिकवावं असा आग्रह धरणारी ‘कॅसल’ ही संस्था १९९४ मध्येच उभी राहिली होती.

आपल्याकडचा प्रवाह निराळ्या उगमाचा आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी १९२० पासून जे प्रयोग केले, त्यांत भावनांचा वेगळा पाठ नव्हता. वर्गातली भीती काढा, छडी काढा, मुलाच्या हाताला काम द्या, गोष्टी सांगा, म्हणजे मूल आतून स्थिर होईल, अशी त्यामागची धारणा होती. ताराबाई मोडक तिथूनच हे घेऊन आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून अनुताई वाघांच्या जोडीनं कोसबाडला काम उभं राहिलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना याच कामातली. पुढे पुण्यातून १९८७ मध्ये सुरू झालेलं ‘पालकनीती’ मासिक आणि शोभा भागवतांचं गरवारे बालभवनातलं काम व लेखन यांनी तोच धागा शहरी मध्यमवर्गापर्यंत आणला. या प्रवाहाचा रोख मुलापेक्षा मोठ्यांवर आहे. बदलायचं आहे ते मोठ्यांनी.

यांशिवाय एक तिसरी वाट मराठी घरांत कायम होती, ती संस्कारकथेची. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि मुलांना वाचून दाखवत, रडत-रडवत पिढ्या गेल्या. पश्चात्ताप, कृतज्ञता आणि लाज या भावना त्यात प्रसंगातून उलगडतात. मानसशास्त्राच्या चर्चेत या वाटेची दखल क्वचितच घेतली जाते. माझ्या मते ती चूक आहे, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे प्रसंग आणि कारण यांवरच अलीकडच्या संशोधनाचा भर आहे.

मुलांना काय कळतं आणि कधी

या भागात मतभेद सगळ्यांत कमी आहेत आणि गमतीचा ऐवज सगळ्यांत जास्त.

बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांचा १९९७ चा प्रयोग घ्या. बाळापुढे दोन वाडगे ठेवले, एकात माशाच्या आकाराची खारट बिस्किटं आणि दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. बाळांना बिस्किटंच आवडतात, हे आधी पाहून घेतलं. मग प्रयोग करणाऱ्या बाईंनी बिस्किट तोंडात घालून तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन मात्र ‘वा!’ केलं आणि बाळापुढे हात पसरला. चौदा महिन्यांच्या बाळांनी त्यांना बिस्किटंच दिली. अठरा महिन्यांची बाळं मात्र ब्रोकोली देऊ लागली. मला जे आवडतं तेच समोरच्याला आवडेल असं नाही, ही जाण बोलता येण्याच्या उंबरठ्यावरच येते, असा याचा अर्थ लावला गेला.

पण इथून पुढची वाट बरीच लांब आहे. शेरी वायडन आणि जेम्स रसेल यांनी दाखवलं की दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या डोक्यात भावनांचे कप्पे दोनच असतात, छान वाटणं आणि वाईट वाटणं. त्यातून हळूहळू राग वेगळा होतो, दुःख वेगळं होतं, भीती बाजूला निघते. किळस आल्याचा चेहरा दाखवला तर शाळकरी वयातली पुष्कळ मुलंसुद्धा त्याला ‘रागावलाय’ म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाला सहा चेहरे ओळखायला लावणारा तक्ता या दृष्टीनं जरा घाईचा वाटतो.

फ्रान्सिस्को पॉन्स, पॉल हॅरिस आणि मार्क द रोझने यांनी २००४ मध्ये या वाढीचे तीन टप्पे मांडले. पाचेक वर्षांपर्यंत मुलाला बाहेरचं कळतं: कोणता चेहरा, कोणता प्रसंग, कशानं जुनं आठवून रडू आलं. सातेक वर्षांपर्यंत मनातलं कळू लागतं. एकाच प्रसंगात दोघांना वेगळं वाटू शकतं, कारण दोघांना वेगळं हवं असतं; वाटतं एक आणि दाखवतात दुसरं, हेही कळतं. नऊच्या आसपास मूल स्वतःच्या भावनेकडे जरा लांबून पाहू लागतं. एकाच वेळी आनंद आणि वाईट दोन्ही वाटू शकतं, किंवा विचार बदलला की वाटणंही बदलतं, हे त्याला पटतं. टप्प्यांची वयं मूलपरत्वे मागेपुढे होतात, क्रम मात्र बहुतेक ठिकाणी टिकलेला दिसतो.

दोन निष्कर्ष पालकांना बुचकळ्यात टाकणारे आहेत. पहिला म्हणजे, दुसऱ्याची गोळ्यांची पुडी पळवणाऱ्या मुलाला कसं वाटेल असं विचारलं, तर चार वर्षांची मुलं ‘मज्जा वाटेल’ असं सांगतात. गेर्ट्रूड नुनर-विंकलर आणि बेआटे सोडियन यांनी १९८८ मध्ये हे नोंदवलं. चोरी वाईट हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. पण हवं ते मिळालं म्हणजे आनंद, हे गणित त्या वयात जास्त बळकट असतं. त्यामुळे ‘ताईची बाहुली घेतलीस, आता तुलाच वाईट वाटतंय ना?’ या प्रश्नाला चार वर्षांचं मूल प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणालं, तर ते निर्ढावलेलं आहे असं समजायचं कारण नाही.

दुसरा निष्कर्ष उलट बाजूचा आहे. नकोशी भेट हातात पडली तरी देणाऱ्यासमोर तोंड हसरं ठेवणं हे पामेला कोल यांना १९८६ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलींतही आढळलं. म्हणजे भावना लपवणं आधी येतं, लपवता येते हे सांगता येणं नंतर. करणं आणि कळणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या चालीनं जातात, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसतं.

चेहऱ्यावर किती भरवसा ठेवायचा

तक्त्यावरचे चेहरे आले कुठून? १९६० च्या दशकाच्या शेवटी पॉल एकमन न्यू गिनीतल्या फोरे लोकांत गेले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेले हे लोकही छायाचित्रांतले ठरावीक चेहरे ठरावीक प्रसंगांशी जोडतात, असं त्यांनी मांडलं. त्यातून सहा मूलभूत भावनांची यादी रूढ झाली. २०१५ च्या ‘इनसाइड आउट’ या ॲनिमेशनपटासाठी एकमन आणि डॅकर केल्टनर यांचा सल्ला घेतला होता आणि जगभरच्या मुलांना भावना म्हणजे डोक्यात बसलेली पाच माणसं, हे चित्र त्यातूनच मिळालं. (भरतमुनींनी स्थायीभाव आठ सांगितले आहेत. यादी कोणतीही घ्या, ती तीन वर्षांच्या मुलासाठी केलेली नव्हती.)

दुसरी बाजू लिसा फेल्डमन बॅरेट यांची. भावना जन्मतः ठरलेल्या साच्यांतून येत नाहीत. शरीरातली खळबळ, समोरचा प्रसंग आणि आपल्या समाजाकडून शिकलेल्या कल्पना यांतून मेंदू त्या त्या वेळी घडवतो, असं त्या म्हणतात. २०१७ च्या त्यांच्या पुस्तकात हे सविस्तर आहे. २०१९ मध्ये वेगवेगळ्या मतांच्या पाच संशोधकांनी मिळून चेहऱ्यांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात बॅरेट होत्या. राग आलेला माणूस दर वेळी भुवया आवळत नाही आणि भुवया आवळणारा दर वेळी रागावलेला नसतो, म्हणून चेहऱ्यावरून भावना खात्रीनं ओळखता येते असं म्हणता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकमन यांच्या बाजूचे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. चेहरे बदलतात, पण मूळ घडण सगळ्यांची एकच, असं त्यांचं म्हणणं आहे. हा वाद मिटलेला नाही.

शिक्षकाच्या दृष्टीनं मात्र दोन्ही बाजूंतून एक कामाची गोष्ट हाती लागते. चेहरा हा धागा आहे, उत्तर नव्हे. सेथ पोलक यांच्या अभ्यासात मारहाण सोसलेल्या मुलांना रागाचा चेहरा इतरांपेक्षा लवकर, अर्धवट दिसला तरी ओळखता आला. त्यांची ही ‘हुशारी’ त्यांना कुठून मिळाली, हे वेगळं सांगायला नको. चेहरे ओळखण्याच्या चाचणीत मिळालेल्या गुणांवरून मूल भावनिकदृष्ट्या सुखात आहे असा निष्कर्ष काढू नये, एवढं यातून नक्की कळतं.

घरातलं बोलणं

मूल हे सगळं शिकतं कुठे? ज्युडी डन यांनी ब्रिटनमधल्या आणि नंतर अमेरिकेतल्या घरांत बसून आई, मूल आणि भावंडं यांचं रोजचं बोलणं टिपलं. डन, जेन ब्राऊन आणि लिन बिअर्डसॉल यांचा १९९१ चा अभ्यास आजही संदर्भासाठी घेतला जातो. तिसऱ्या वर्षी ज्या मुलांच्या घरात भावनांबद्दल जास्त बोलणं होत होतं, ती मुलं सहाव्या वर्षी अनोळखी माणसांच्या भावना जास्त चांगल्या ओळखत होती. मुलाची भाषा किती चांगली आहे हे वजा केलं तरी फरक उरत होता. आणि हे बोलणं शांत वेळी, मांडीवर घेऊनच होतं असं नाही. ते पुष्कळदा भांडणात होतं. कोणी कोणाचं काय घेतलं, का ओरडला, कोण आधी रडलं, या कज्ज्यातच कारणांची चर्चा होते. दोन भावंडांची भांडणं हा भावनिक शिक्षणाचा वर्ग असतो, हे आईबापांना दिलासा देणारं आहे, निदान दुपारी तीनपर्यंत तरी.

जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १९९६-९७ च्या सुमारास आईवडिलांची भावनांकडे पाहण्याची दृष्टी अभ्यासली. मुलाच्या भावनेकडे आधी लक्ष देणारे, ती ऐकून घेणारे, तिला नाव देणारे आणि मग वागण्याला मर्यादा घालून तोडगा काढायला मदत करणारे पालक, ही त्यांची प्रशिक्षकाची कल्पना. लोकप्रिय पुस्तकांतून ही कल्पना फिरताना शेवटची पायरी बहुधा गळून पडते आणि नाव देण्यावर थांबणं होतं. डॅनियल सीगल आणि टीना ब्रायसन यांच्या २०११ च्या पुस्तकानंतर तर भावनेला नाव दिलं की ती निवते, हे पालकवर्गात जवळजवळ सूत्र बनलं.

इथे आपल्या घरातला एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. दोन वर्षांचं मूल धावताना पडतं. गुडघा खरचटतो, ते ओठ काढतं. आजी लगेच जमिनीवर चापट मारते: ‘हात्! माझ्या बाळाला लावलंस?’ आजोबा म्हणतात, ‘काही नाही झालं, उठ, मुंगी मेली बघ.’ काकू उचलून खिडकीशी नेते, ‘तो बघ काऊ!’ आणि पालकपुस्तक वाचलेली आई खाली बसून म्हणते, ‘दुखलं ना तुला? रडू येतंय?’ चार माणसं आणि चार पद्धती. गॉटमन यांच्या चौकटीत पहिल्या तीन नापास होतील. पण जरा थांबून पाहिलं तर आजीनं भावना मान्य केली आहे, कारण मात्र चुकीचं दिलं. आजोबांनी भावनाच नाकारली. काकूनं ती नाकारली नाही, मान्यही केली नाही. लक्ष वळवलं, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी लक्ष वळवणं हा शांत होण्याचा पूर्ण वैध मार्ग आहे, असं विकासाचे अभ्यासकही मानतात. आईनं भावना मान्य केली, नावही दिलं, पण कारण सांगायचं राहिलं. ‘पळताना पाय सतरंजीत अडकला, म्हणून पडलास’ हे वाक्य चौघांपैकी कोणीच बोललं नाही.

समाजागणिक या पद्धती बदलतात आणि सगळीकडे एकच मापदंड लावता येत नाही, हे सांगणारे अभ्यास आता पुष्कळ आहेत. ची वांग यांनी अमेरिकन आणि चिनी आयांची मुलांशी होणारी संभाषणं ताडून पाहिली. अमेरिकन आया भावनेची कारणं उलगडत होत्या, चिनी आया त्या प्रसंगात कसं वागायला हवं होतं याकडे वळत होत्या. पामेला कोल यांनी नेपाळमध्ये दोन समाजांत काम केलं. तामांग घरांत मुलाच्या रागाला दटावत आणि ते शरमलं तर त्याला समजून घेत. ब्राह्मण घरांत रागाकडे लक्ष दिलं जाई आणि शरमेकडे काणाडोळा होई. हायडी फुंग यांनी तैपेईतल्या घरांत पाहिलं की मुलाला लाज वाटायला लावणं हे तिथे मायेच्या चौकटीत, नैतिक शिक्षणाचा भाग म्हणून चालतं. आपल्याकडचं ‘शेम शेम’ आणि ‘सगळे हसतील तुला’ यांना सरसकट क्रूर ठरवण्याआधी हे वाचायला हवं. त्यावरून ते निर्धोक आहे असंही म्हणता येत नाही.

भारतातलं सगळ्यांत उपयोगी काम वैशाली रावल यांचं. अहमदाबादचं जुनं शहर आणि उपनगरं इथल्या आयांशी बोलून त्यांनी दाखवलं की भारतीय आया मुलाच्या भावनेला नाव देण्यापेक्षा परिस्थिती समजावून सांगण्यावर भर देतात. हवं ते आज का मिळणार नाही, दुसऱ्याचीही गरज कशी आहे, म्हणून आपण कसं घ्यायचं, हे मुलाच्या गळी उतरवायचं. २०११ मधल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच मुलाला समजावण्याबद्दल आहे. परदेशी चाचण्यांत याला भावना टाळणं म्हणून गुण कापले जाण्याची शक्यता आहे. वास्तविक त्यात कारण आहे, समोरच्याचं मन आहे आणि तोडगाही आहे. मुलाला स्वतःला काय वाटलं, याला मात्र त्यात जागा कमी. प्रत्येक पद्धत काहीतरी शिकवते आणि काहीतरी राहू देते, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

मुलगा आणि मुलगी हा भेद इथे थोडक्यात नोंदवतो. रॉबिन फिवश यांना अमेरिकेत आईवडील मुलींशी दुःखाबद्दल जास्त बोलताना आढळले. ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकत वाढलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

वर्गातले कार्यक्रम

शाळेत भावना शिकवण्याचे कार्यक्रम शेकड्यांनी आहेत. मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरल कुशे यांचा ‘पाथ्स’ हा त्यांतला जुना आणि बराच तपासला गेलेला. तो आधी कर्णबधिर मुलांसाठी तयार झाला. त्यातली कासवाची युक्ती प्रसिद्ध आहे. राग आला की मुलानं हात छातीशी गुंडाळून कवचात गेल्यासारखं थांबायचं, खोल श्वास घ्यायचा, मग काय झालं आणि कसं वाटतंय ते सांगायचं. पेनसिल्व्हेनियात गरीब घरांतल्या चार वर्षांच्या मुलांच्या ४४ वर्गांत कॅरन बिअरमन आणि सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम भाषाशिक्षणाशी जोडून वापरला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. भावनांची समज आणि सवंगड्यांशी तंटे सोडवणं या दोन्हींत मुलं पुढे गेली, शब्दसंग्रहही वाढला. इटलीत इलारिया ग्राझ्झानी यांच्या गटानं तर दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरात लहान गोष्टी वाचून त्यांवर भावनांविषयी गप्पा मारण्याचा साधा उपक्रम केला आणि तोही उपयोगी ठरला. त्यात तक्ते नव्हते. छोटा गट होता, गोष्ट होती आणि बोलणारी बाई होती.

मोठ्या आकड्यांकडे वळू. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ विद्यार्थी यांचं एकत्रित विश्लेषण केलं. कार्यक्रमातल्या मुलांचं सामाजिक कौशल्य वाढलंच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ शतमानांची सुधारणा दिसली. म्हणजे शंभरांत मधोमध असलेलं मूल एकसष्टाव्या जागी गेलं. हा आकडा धोरणकर्त्यांच्या भाषणांत आता कायमचा आहे. क्रिस्टीना सिप्रियानो यांच्या गटानं २०२३ मध्ये ५३ देशांतले ४२४ अभ्यास एकत्र करून साधारण याच दिशेचा निष्कर्ष काढला. मात्र या दोन्हींत बालवर्गापासून बारावीपर्यंतची मुलं आहेत आणि दीर्घकाळ पाठपुरावा केलेले अभ्यास थोडे आहेत. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत ‘पाथ्स’ची मोठी यादृच्छिक चाचणी झाली, तिच्या २०१५ च्या अहवालात अभ्यासातल्या प्रगतीत फरक दिसला नाही. कार्यक्रम करणाऱ्यांनीच तपासला तर गुण चढतात आणि त्रयस्थानं तपासला तर उतरतात, हा अनुभव शिक्षणाला नवा नाही.

भारतात दिल्ली सरकारनं जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी रोजचा ‘हॅपिनेस’ तास सुरू केला. महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून सुरू झाला, तो प्राथमिक शाळेसाठी आणि लोकशाही मूल्यांच्या अंगानं जाणारा आहे. मराठी बालसाहित्यात माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ या मालिका कोणत्याही कार्यक्रमाचं लेबल न लावता हेच काम करतात. मूल, त्याचं घर, त्याचे हट्ट आणि रुसवे त्यांत जसेच्या तसे आहेत. बाईंनी वाचून दाखवताना मध्ये थांबून ‘आता त्याला असं का वाटलं असेल?’ एवढं विचारलं, तर ग्राझ्झानींचा उपक्रम इथे आपल्या भाषेत तयारच आहे.

आक्षेप

आक्षेप घेणाऱ्यांचे साधारण तीन गट पडतात. पहिल्या गटाचं म्हणणं, शाळेनं मनाचा दवाखाना होऊ नये. ब्रिटनमध्ये कॅथरीन एक्लस्टन आणि डेनिस हेज यांनी २००८ मध्ये हे तीव्रपणे मांडलं. मुलं नाजूक आहेत असं धरून चाललं की ती तशीच होतात आणि ज्ञान मागे पडतं. दुसऱ्या गटाकडे आकडेवारी आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत, ११ ते १३ वयाच्या आठ हजारांहून जास्त मुलांवर सजगतेच्या पाठांची चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेल्या निकालांत नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. मनाकडे सारखं लक्ष द्यायला लावल्यानं साधा त्रासही आजार वाटू लागतो, अशी शंका लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज यांनी २०२३ मध्ये उपस्थित केली. हे अभ्यास कुमारवयाचे आहेत. ते चार वर्षांच्या मुलांना जसेच्या तसे लावणं योग्य नाही. चर्चेत मात्र ही सरमिसळ सर्रास होते, आणि ती दोन्ही बाजू करतात.

तिसरा आक्षेप बारीक आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. भावनेला नाव दिल्यानं मेंदूतली भीतीची प्रतिक्रिया मंदावते, असं मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं, पण ते मोठ्या माणसांत. २०२१ मध्ये एरिक नूक आणि सहकाऱ्यांना, तेही मोठ्यांवरच, आढळलं की आधी भावनेला नाव दिलं तर नंतर प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहणं अवघड जातं. नाव लागलं की भावना तिथेच गोठते, असा त्याचा ढोबळ अर्थ. लहान मुलांत काय होतं, हे या दोन्हींतून सिद्ध होत नाही. म्हणून नावाचं सूत्र मुलांपुढे ठामपणे मांडणाऱ्यांनी जरा बेतानं घ्यावं.

अजून न सुटलेलं

पहिली अडचण मोजण्याची. चित्रातल्या मुलाला काय वाटतंय हे बरोबर सांगणारं मूल रिंगणात खेळताना ढकलाढकली थांबवतं का? समज आणि वागणं यांचा संबंध आढळतो, पण तो माफक आहे. कॅरल इझार्ड यांच्या २००१ च्या अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांची पाचव्या वर्षीची समज नवव्या वर्षीच्या वागण्याशी आणि अभ्यासाशी जुळत होती. मात्र जुळणं म्हणजे कारण असणं नव्हे. शिवाय दुसऱ्याचं मन नीट ओळखणारं मूल चिडवण्यातही पटाईत होऊ शकतं.

दुसरी अडचण भाषेची. पालघरचं वारली मूल, मेळघाटातलं कोरकू मूल किंवा भामरागडचं माडिया मूल घरी एका भाषेत रुसतं आणि अंगणवाडीत त्याला भावनांची नावं दुसऱ्या भाषेत मिळतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी नर्सरीतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मुलाचंही तेच. आजीजवळ एक आणि बाईंजवळ दुसरं. शिकवलेल्या भाषेतली समज घरच्या भाषेत उतरते का, यावर भारतीय संदर्भात काम हवं आहे.

तिसरी अडचण माणसांची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. घरातल्या संशोधनानं जे सिद्ध केलं ते एका मोठ्या माणसानं एका मुलाशी, प्रसंग घडल्यावर, कारणासकट बोलण्याबद्दल आहे. अंगणवाडीत ताई एक आणि मुलं पंचवीस-तीस. त्यातच पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ आणि ‘पोषण ट्रॅकर’वरच्या नोंदी. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा पोषण आणि आरोग्य पुढे होतं, शिक्षण मागे. २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ या नावानं ताईंना शिक्षणाचं प्रशिक्षण दिलं जात आहे. पण बोलायला लागणारा वेळ प्रशिक्षणातून मिळत नाही, तो मदतनिसांच्या संख्येतून आणि कमी झालेल्या नोंदींतून मिळतो. तक्ता लोकप्रिय होण्याचं एक कारण हेच असावं. तो वेळ मागत नाही.

आजवरच्या पुराव्याचा माझा हिशेब असा: सर्वांत भक्कम आधार आहे तो रोजच्या प्रसंगावर कारणासकट बोलण्याला आणि गोष्टीभोवतीच्या गप्पांना. त्याखालोखाल नीट आखलेल्या, शिक्षकांनी मनापासून राबवलेल्या कार्यक्रमांना. सर्वांत कमी आधार नुसते चेहरे आणि नावं पाठ करून घेण्याला.

मराठीपुरतं एक काम लगेच हाती घेता येईल. बालशिक्षणाच्या पदविका अभ्यासक्रमांतले विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प करतातच. त्यांनी पालकांची परवानगी घेऊन तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी घरात आणि अंगणवाडीत होणारं बोलणं नोंदवावं. मूल रडलं, रुसलं, घाबरलं तेव्हा कोण काय म्हणालं आणि मूल त्यावर काय म्हणालं, एवढंच. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आणि झाडीपट्टीतल्या घरांतून अशा काहीशे नोंदी जमल्या, तर पुढचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना अहमदाबाद आणि नेपाळवरून अंदाज बांधावा लागणार नाही. प्रशिक्षण संस्थांनी यंदापासूनच हा विषय प्रकल्पांच्या यादीत घालावा.